घरात मांजर असेल तर कळलावी नको

पावसाळा रुळला की सह्याद्रीच्या उतारांवर, शेताच्या कुंपणांवर कळलावी चढू लागते. तिच्या पानाचं टोकच लांबून दोऱ्यासारखं होतं, शेजारच्या काटकीला विळखा घालतं आणि वेल वर सरकतो. फुलाच्या पाकळ्या मागे वळून ज्वाळांसारख्या उभ्या राहतात. बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, कडा मुरडलेल्या. या देखणेपणामुळेच हल्ली ती घरच्या बागेत आणि बाल्कनीच्या जाळीवरही आली आहे. त्याच जाळीशी घरचं मांजर बसलेलं असतं, याची मला काळजी वाटते.

कळलावी नखशिखान्त विषारी आहे. पान, फूल, बी यांत विष आहेच. सगळ्यात जास्त कंदात. त्यातलं कोल्चिसिन माणसांना गाऊटवर अगदी अल्प मात्रेत देतात. ते पेशींचं विभाजन रोखतं. त्यामुळे जिथे सतत नव्या पेशी तयार होतात, ती आतडी आणि अस्थिमज्जा आधी सापडतात. लाळ गळते, उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात. पुढे यकृत आणि मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.

‘काय खायचं ते मुक्या जनावराला बरोबर कळतं,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मांजराच्या बाबतीत या समजुतीवर विसंबू नये. ते पक्कं मांसाहारी असलं तरी गवत, पानं चघळतं आणि अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घालतं. शिवाय अनेक द्रव्यं निष्प्रभ करणारी यकृताची एक यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. साधं पॅरासिटामॉलही त्याच्या जिवावर उठतं, ते त्यामुळेच.

गौरी-गणपतीत रानफुलं घरात येतात, तेव्हा तेरडा बिनधास्त आणा. मांजराला तो विषारी नाही. कळलावी मात्र नको, आणि पुष्पगुच्छातली लिलीही नको. लिलीचे अंगावर झडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

मांजराने कळलावी चावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका. ती दिसायला काही तास लागू शकतात. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मीठही त्याला घातक ठरतं. वेलाचा तुकडा किंवा फोटो घेऊन तडक पशुवैद्यांकडे जा. नेमका उतारा हाताशी नसल्याने लवकर सुरू झालेल्या उपचारांवरच सारी भिस्त असते.

कुंडीत आधीच कळलावी असेल, तर हिवाळ्यात वेल वाळला म्हणून निर्धास्त राहू नका. मातीखाली कंद जिवंत असतो आणि माती उकरणं हा तर मांजराचा स्वभावच. औषधासाठी कंद खणून नेल्यामुळे रानातही कळलावी विरळ होत चालली आहे. ती बघायची हौस असेल तर पावसात डोंगरावर जावं, डोळे भरून बघावी आणि तिथेच राहू द्यावी. त्यात तिचंही भलं आहे आणि मांजराचंही.