शरदाचे चांदणे आणि नवे पुणे

पावसाने काढता पाय घेतला, मुठेचे गढूळ पाणी ओसरले आणि पर्वतीच्या माथ्यावरून सिंहगडाची रेषा पुन्हा स्वच्छ दिसू लागली, म्हणजे पुण्यात शरद ऋतू आला असे खुशाल समजावे. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने पुणेकरांचे घराबाहेर पडण्याचे महिने. चतुःशृंगीची जत्रा, दसऱ्याचे सीमोल्लंघन, कोजागरीचे आटीव दूध, दिवाळीतील पहाटेच्या मैफली आणि मंडईच्या परिसरातील ती अपूर्व गर्दी, असा या शहराचा शारदीय कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे.

या जुन्या कार्यक्रमात अलीकडे काही नव्या गोष्टींची भर पडली आहे आणि तिचे स्वागत करण्यास आम्हांस कोणताही संकोच वाटत नाही. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, घटस्थापना अवघ्या चार दिवसांवर आली असताना, तिचा स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाला आणि मंडईच्या पोटातून आगगाडी धावू लागली. दसऱ्याची झेंडूची फुले घेण्यासाठी पिंपरीचा गृहस्थ सहकुटुंब मंडईत येतो आणि वाहन कोठे लावावे या विवंचनेवाचून परत जातो, हे सुख लहान नव्हे. संभाजी उद्यानाच्या स्थानकाला पुणेरी पगडीचा आकार दिला आहे. त्याचे सौंदर्य वादग्रस्त असले, तरी त्यातून उतरणारा रसिक थेट बालगंधर्व रंगमंदिराच्या शेजारी येतो, हे मात्र निर्विवाद आहे. त्याच रसिकाला रात्री साडेनऊचा प्रयोग पाहून त्याच गाडीने परतता येत नाही, कारण पडदा पडतो तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते. रंगमंदिराच्या दारातली ही मेट्रो नाटक पाहणाऱ्याला मात्र एकाच दिशेने उपयोगी पडते.

परंतु आमचा खरा प्रश्न निराळा आहे. हे सारे आकर्षण ज्या पुण्यात आहे, ते आता पुण्याचा एक भाग होय. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांतील दोन २०२४ मध्ये पुन्हा वेगळी करण्यात आली, तरी धायरी, आंबेगाव, नऱ्हे, मांजरी, सूस, वाघोली ही आज पुणे शहराचीच नावे आहेत. तेथे दहा-दहा, वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतून तरुण कुटुंबे राहतात. त्यांचा शरद ऋतू कसा जातो? वाघोलीच्या रहिवाशाला मेट्रो गाठावयाची तर रामवाडीपर्यंत यावे लागते. पुढच्या मार्गास केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, पण मंजुरीत बसून कोणाला नाटकास जाता येत नाही. भोंडल्याचा हत्ती मोटारी हलवून रिकाम्या केलेल्या वाहनतळावर मांडावा लागतो. दांडिया खेळावयाचा तर तिकीट काढून भाड्याच्या मैदानात जावे लागते. मुलांना दिवाळीचा किल्ला करावयाचा असतो. त्याला लागते चार पाट्या माती आणि कोपराभर जागा. ती मिळत नाही, म्हणून रस्त्याकडेला विकावयास ठेवलेला तयार किल्ला विकत आणून सज्जात ठेवतात. ज्या मुलाने बुरूज ढासळल्यावर तो पुन्हा लिंपला नाही, अळीव पेरून त्याची हिरवळ उगवण्याची वाट पाहिली नाही, त्याला तटबंदी म्हणजे काय हे पुस्तकातून कितीसे कळणार?

जुन्या पुण्याचे भाग्य असे की, त्याला मोकळ्या जागा वारशाने मिळाल्या. सारसबाग आज जेथे आहे, तेथे नानासाहेब पेशव्यांच्या काळात तळे होते. पुढे ते आटवले गेले, पण त्या भूमीवर घरे न बांधता बाग करण्यात आली. शेजारच्या पेशवे उद्यानात १९५६ साली फुलराणी धावू लागली आणि तिच्यात बसलेली मुले आज आजोबा झाली आहेत. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभे राहिले, तेही महापालिकेने बांधलेले. चतुःशृंगीची टेकडी एके काळी गावाबाहेर होती. जत्रेला जाणे म्हणजे वेशीबाहेर जाणे होते. शहर तिच्याभोवती वाढले, तिला ओलांडून कितीतरी पुढे गेले, तरी टेकडी उरली म्हणून जत्राही उरली.

नव्या गावांत असे काय उरणार आहे? विकास आराखड्यात उद्याने, क्रीडांगणे, सभागृहे यांसाठी आरक्षणे दाखविलेली असतात, हे आम्ही जाणतो. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचे १२७ वे कलमही आम्ही जाणतो. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही शासकीय यंत्रणा हलली नाही, तर आरक्षण आपोआप गळून पडते. जमीनमालकाला वर्षानुवर्षे टांगून ठेवणे अन्याय्यच, म्हणून कलमास आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो दहा वर्षे स्वस्थ बसणाऱ्या कारभाराला. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात वाघोलीच्या मैदानासाठी सभागृहात भांडावयास कोणी नव्हते. हे कारण खरे असले, तरी ते कायमचे पुरणारे नाही.

नदीकाठ सुधारण्याच्या मोठ्या प्रकल्पाची कोनशिलाही मार्च २०२२ मध्येच बसली. काठावर फिरावयास जागा झाल्यास आम्हांस आनंदच होईल, मात्र पात्रात सांडपाणी वाहत असता कोजागरीला तेथे दूध पिण्याची इच्छा कितीजणांस होईल, याचा विचार योजनाकारांनी करावा.

महापालिकेस आमची सूचना अशी की, समाविष्ट गावांतील आरक्षित जागांची यादी, संपादनाच्या सद्यःस्थितीसह, नवरात्रापूर्वी प्रसिद्ध करावी. ज्या जागा ताब्यात आल्या आहेत, त्या सपाट करून व दिवे लावून घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत भोंडला, दांडिया व दूधपानासाठी नागरिकांस विनामूल्य द्याव्यात. एका कोपऱ्यात मुलांच्या किल्ल्यांसाठी मातीचे दोन ट्रकही टाकावेत. त्याचा खर्च एखाद्या स्वागत-कमानीहून अधिक होणार नाही. पीएमपीने या दिवसांत रात्री साडेबारानंतर डेक्कनवरून धायरी व वाघोलीकडे एकेक बस सोडून पाहावी. ती रिकामी गेली, तर आम्ही ही मागणी पुन्हा करणार नाही.