काळी गाडी आणि भाईजानचं फडकं

पुतणीच्या निकाहला वीसेक दिवस उरले होते. मगरिबनंतर मंडपवाला दिव्यांची जागा बघायला आला आणि त्याने एक हॅलोजन सहज पेटवून पाहिला. उजेड नेमका भाईजानच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर पडला. दिवसा आरशासारखं वाटणारं ते बॉनेट, पण त्यावर आता कोळ्याने जाळं विणावं तशी बारीक रेघांची वलयं उमटली होती. मधेमधे पांढरट ठिपके, ताक शिंपडल्यासारखे. मंडपवाला काही बोलला नाही. पुतण्या मात्र बोलून गेला, "अब्बा, हे तुमच्या फडक्यामुळे झालंय."

ही गाडी भाईजानसाठी काय आहे ते आधी सांगायला हवं. 22 वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यानंतर घेतलेली ही त्यांची पहिली गाडी. सेकंडहँड, पण स्वतःची. फज्रची नमाज झाली की ते अंगणात येतात, खांद्यावरचं फडकं झटकतात आणि टपापासून डिकीपर्यंत गाडी पुसतात. चार वर्षांत हा नेम चुकलेला आम्ही पाहिला नाही. मुलीची रुख्सती याच गाडीतून होणार, हे त्यांनी मंगनीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

पुतण्याचं बोलणं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मी गोल फडकं कधी फिरवलंच नाही. सरळ पुसतो."

आणि ते खरं सांगत होते. त्या वलयांकडे पाहून कुणीही म्हणेल की हात गोल फिरवल्यानेच हे चरे पडले. पण एक गंमत करून पाहा. मोबाईलची टॉर्च लावून ती बॉनेटवर इकडून तिकडे न्या. वलयंही टॉर्चबरोबर सरकतात! चरे गोल असते तर जागचे हलले नसते. खरं म्हणजे रंगावर सगळ्या दिशांना बारीक, जवळजवळ सरळ चरे पडलेले असतात. त्यांतले जे उजेडाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात, बाकीचे दिसत नाहीत. आडवे तेवढे उजळले की दिव्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं वाटतं. पांढऱ्या गाडीवरही एवढेच चरे असतात, पण तिचा रंग स्वतःच इतका उजेड परत टाकतो की ते त्यात हरवून जातात. काळ्या रंगाला काही लपवता येत नाही.

तेव्हा हात कसा फिरला हा प्रश्नच नव्हता. फडक्याखाली काय होतं, हा प्रश्न होता. रात्रभर गाडीवर धूळ बसते. तिच्यात वाळूचे, खडीचे कण असतात, आणि ते गाडीच्या वरच्या थरापेक्षा कठीण असतात. कोरडं फडकं त्यांना दाबून पुढे ढकलतं. लाकडावर सँडपेपर घासावा तसंच हे, फक्त फार हलक्या हाताने. एका दिवसात काहीच कळत नाही. चार वर्षं रोज पुसल्यावर हॅलोजनखाली कळतं. मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांत सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारी मुलं असतात. तिथेही हेच होतं, उलट जास्त, कारण आधीच्या 19 गाड्यांची माती त्या एका फडक्यात असते.

ठिपक्यांचा गुन्हेगार मात्र दुसराच निघाला. आम्हीच.

आमच्या लातूरने 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालं आहे. इथे अंगणात पाइप सोडून गाडी धुणाऱ्याकडे आजही लोक वळून बघतात. म्हणून घरात आरओ बसवला तेव्हा त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि गाडीला वापरायचं, असं भाईजानना आम्हीच सुचवलं होतं. तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. पण आरओ करतो काय? पाण्यातले क्षार बाजूला काढतो आणि नको असलेल्या पाण्याबरोबर बाहेर सोडतो. म्हणजे बोअरचं पाणी आधीच जड, आणि हे त्याच्याहून जड. काळी गाडी उन्हात तव्यासारखी तापते. थेंबातलं पाणी उडून जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार तिथेच चिकटून बसतात. चहाच्या भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच हा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला, अंगणात मारायला चांगलं आहे. गाडीला नको, काळ्या गाडीला तर मुळीच नको.

पुतण्याचं म्हणणं होतं की गाडी सरळ रबिंग-पॉलिशला द्यावी. पण तो प्रयोग गेल्या वर्षी ईदच्या आधी झाला होता. एका वॉशिंग सेंटरवाल्याने दीड तासात गाडी अशी चमकवून दिली की गल्लीतली पोरं तिच्यात बघून भांग पाडत होती. दोन-तीनदा धुतल्यावर जाळं जसंच्या तसं परत आलं, आणि सोबत उन्हात दिसणारे लांबट, धुरकट पट्टे. असं का होतं ते तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं. बऱ्याच स्वस्त पॉलिशांत तेल आणि चरे बुजवणारा मसाला असतो. चरा तसाच राहतो, फक्त भरला जातो. शाम्पूने मसाला निघाला की चरा पुन्हा दिसतो. आणि ते धुरकट पट्टे म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणाऱ्या बफिंग मशीनच्या खुणा. ते मशीन कसबी हातात सोनं आहे, घाईच्या हातात मात्र रंग तापवून ठेवतं.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. गाडीचा पत्रा, त्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी ही रचना असते. चमक दिसते ती या शेवटच्या थराची, आणि चरेही त्याच्यातच असतात. कारखान्यातून येताना हा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरला तर हा थर केसाहूनही पातळ झाला. चरा खऱ्या अर्थाने घालवायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायचा. दुसरा मार्ग नाही. म्हणजे प्रत्येक खरं पॉलिश या थरातून थोडं काढून घेतं आणि काढलेलं परत येत नाही. थर संपत आला की उन्हाने रंग फिका पडतो, पापुद्रे सुटतात, आणि मग पुन्हा रंगकाम करण्याशिवाय इलाज उरत नाही. सेकंडहँड गाडी घेणारे आजकाल रंगाची जाडी मोजायचं यंत्र बरोबर आणतात, तो भाग वेगळाच.

भाईजानची गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने किती वेळा घासली, कुणाला ठाऊक? म्हणून आम्ही ठरवलं की कमीत कमी घासायचं आणि नव्वद टक्के नाही, सत्तर टक्के गेलं तरी समाधान मानायचं. पुतण्या कुरकुरला. त्याला आरसा हवा होता.

पहिल्या रविवारी फक्त ठिपके घेतले. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना गाडी नीट धुतली. मग स्वयंपाकघरातला पांढरा सिरका आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात मऊ कापड भिजवलं आणि एका वेळी हातभर जागेवर मिनिटभर नुसतं ठेवलं. घासायचं नाही. सिरक्यातलं आम्ल क्षार विरघळवतं, आपण फक्त वाट बघायची. तो वाळू मात्र द्यायचा नाही. लगेच भरपूर पाण्याने आणि मग शाम्पूने धुऊन टाकायचा. निम्म्याहून जास्त ठिपके तिथेच गेले. काही राहिले. त्यांच्या जागी बारीक खळगा पडला होता, म्हणजे क्षार उन्हात तापून क्लिअर कोटमध्ये उतरले होते. तिथे सिरका कितीही ओता, उपयोग नाही.

भाभी खिडकीतून म्हणाल्या, "लोणच्याला ठेवलाय का थोडा?"

पुढच्या रविवारी पॉलिश. धुतलेल्या बॉनेटवरून हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून हात फिरवला तर रवाळ लागत होतं. त्यासाठी क्ले नावाची कणकेसारखी वडी मिळते. शाम्पूचं पाणी सोडून तिने हलकेच पुसलं की चिकटलेला कचरा निघतो. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यायची, पैसे आठवायचे नाहीत.

मशीन पुतण्याने मित्राकडून आणलं, ड्युअल अ‍ॅक्शन. याचा पॅड फिरता फिरता डोलतोही आणि जास्त दाबलं की फिरायचा थांबतो, त्यामुळे नवख्या हातून रंग जळायची भीती बरीच कमी. रबराच्या कडांना आणि प्लास्टिकला कागदी टेप लावली. मग डिकीच्या झाकणावर दीड फूट चौकोन आखून सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश घेऊन परीक्षा केली. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, हळू हात, एकदा आडवं, एकदा उभं, असं चार वेळा. पुसून झाल्यावर खरी तपासणी करायची असेल तर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसावा लागतो. तेल निघून जातं आणि चरा गेला की झाकला हे कळतं. नाव ऐकून भाईजानच्या भुवया वर गेल्या. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये हेच असतं, हे सांगितल्यावर खाली आल्या.

टॉर्च लावली. जाळं जवळजवळ नाहीसं झालं होतं. चार-पाच जाड ओरखडे तेवढे राहिले. त्यांत नख अडकत होतं. नख अडकतं तो चरा सोडून द्यायचा, त्याच्या मागे लागलात तर क्लिअर कोट संपेल आणि चरा तिथेच राहील. पुतण्या म्हणाला, "चाचा, एकदाच जाड कंपाउंड मारू या ना." आम्ही मशीनची वायर काढून ठेवली.

बॉनेट, टप, डिकी आणि दारं करायला दोन दिवस लागले. शेवटी मेणाचा एक हात दिला. मेणाने चरे पडायचे थांबत नाहीत, पण पाणी घरंगळून जातं आणि धूळ कमी धरते.

आता धुण्याची रीत बदलली आहे. दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. आधी मगाने पाणी ओतून सैल धूळ खाली जाऊ द्यायची. मग वरून खाली, प्रत्येक भाग झाला की हातमोजा साध्या पाण्याच्या बादलीत पिळून मगच शाम्पूत. कपड्यांची पावडर आणि भांड्याचं लिक्विड नाही, ती मेण उतरवतात. शेवटचं पाणी एसीचं. एसीच्या नळीतून ठिबकतं ते हवेतलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मलमलीतून गाळून बादलीभर साठवलं की पुरतं, आणि ठिपका पडत नाही. पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल, घासत नाही, नुसता अंथरून टिपायचा. तो टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवायचा नाही, सुताचे तंतू त्यात अडकून बसतात. हे सगळं आठवड्यातून एकदा. रोज नाही.

'रोज नाही' हे भाईजानना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मग सकाळी मी करू काय?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

रुख्सतीच्या दिवशी फुलवाला चिकटपट्टीचा गठ्ठा घेऊन आला. आम्ही त्याला गाडीपासून दूर धरलं आणि हार दारांच्या आणि बॉनेटच्या फटींतून दोऱ्याने बांधायला लावले, खाली मऊ कापड घालून. रात्री हॅलोजन लागले तेव्हा भाईजान मुलीकडे बघत होते. गाडीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. आमचं होतं. डाव्या दारावरचे दोन जाड ओरखडे दिसत होते, बाकी सगळं काळंभोर.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्ही अंगणात डोकावलो. भाईजान खांद्यावर फडकं टाकून उभे होते. पाकळ्या त्यांनी एकेक करून हाताने उचलल्या. मग फडकं ओलं करून पुढची काच पुसली, मागची पुसली, चारी टायर पुसले. काचेला ते चालतं. दारापाशी आल्यावर हात थोडा पुढे गेला आणि थांबला. मग त्यांनी फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं आणि आत येऊन म्हणाले, "चहा झाला का?"