अडीच किलोंची नोंद

कस्तुरबा गांधींची जयंती, ११ एप्रिल, २००३पासून राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळली जाते. त्यानिमित्त प्रसूतिगृहे, रुग्णवाहिका आणि मातामृत्यू यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३, आसामात १९५. पण मातृत्वाची सुरक्षितता बाळंतिणीच्या खाटेपासूनच मोजायची का? म्हैसूरमधल्या एका जुन्या दप्तराने या प्रश्नाला वेगळे वळण दिले आहे.

म्हैसूरचे होल्ड्सवर्थ मेमोरियल हे मिशनचे जुने रुग्णालय. तिथे १९३४पासून नवजात बाळांचे वजन, लांबी, डोक्याचा घेर लिहून ठेवला गेला; आईचेही वजन. त्या वह्यांच्या आधारे १९३४ ते १९५४ दरम्यान तिथे जन्मलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांचा माग काढून संशोधकांनी त्यांची हृदये तपासली. १९९६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. जन्मवेळी अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के, ३.१ किलो किंवा अधिक भरलेल्यांत ३ टक्के. बाळ अडीच किलोंच्या आत आणि आई गरोदरपणीही ४५ किलोंच्या आत, अशा ठिकाणी ते २० टक्क्यांवर गेले.

एवढ्यावरून सगळा हृदयविकार गर्भावर ढकलता येत नाही. म्हैसूरलाच मधुमेहाचे चित्र निराळे निघाले. तो वजनदार आयांच्या आखूड, गुटगुटीत बाळांना पुढे अधिक झाला. शिवाय ज्यांचे बाळंतपण घरीच उरकले त्यांची या वह्यांत ओळही नाही, आणि त्या काळी अशी घरेच जास्त होती.

तरी पन्नाशीच्या मजुराच्या छातीत कळ आली की आपण तंबाखू विचारतो, तेल विचारतो. त्याच्या आईच्या ताटात शेवटी काय उरायचे, हे कोणत्याच केसपेपरवर नसते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये जवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा नेमक्या याच गोष्टी मोजल्या. पालेभाज्या, फळे, दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळे थोडी थोराड निघाली. शेतकाम, पाणी भरणे, धुणी यांचा भार जास्त असलेल्यांची बाळे लहान.

मग औषध कोणते? लोहाच्या गोळ्या द्याव्यातच. पण भार हलका करायचा तर मजुरी न बुडता विश्रांती हवी. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू घेतली ती याचसाठी. पुढच्या वर्षी कायदा झाला, कारखान्यातल्या बायकांपुरता. ऊसतोडीच्या फडात मात्र नवरा-बायको मिळून आजही एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर चढते आणि कामावर न गेल्यास खाडा कापला जातो, मग पोटात सातवा महिना का असेना. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार रुपये हप्त्यांनी येतात, आणि हंगाम सहा-सहा महिने चालतो. गरोदर बाईचा खाडा कापायचा नाही आणि तिची मजुरी कारखान्याने भरायची, एवढा नियम साखर आयुक्तालयाने येत्या गळीत हंगामाआधी काढावा.