सोमालियात तारीख कोणी पाळायला लावली?

सोमालियाचे अध्यक्ष फर्माजो यांची मुदत ८ फेब्रुवारी २०२१ ला संपली, निवडणूक मात्र झालीच नाही. एप्रिलमध्ये संसदेच्या खालच्या सभागृहाने मुदत सरळ दोन वर्षांनी वाढवून टाकली! राजधानी मोगादिशूत सैन्याच्याच तुकड्या एकमेकांवर गोळ्या झाडू लागल्या, तेव्हा कुठे १ मे रोजी तो ठराव मागे घेतला. अमेरिका, युरोपीय संघ इशारे देत राहिले, तारखा पुढे जात राहिल्या.

नाड्या आवळल्या त्या नाणेनिधीने. नवं सरकार वेळेत आलं नाही तर १७ मे २०२२ ला मदतीचा कार्यक्रम आपोआप बंद पडणार होता. कर्जमाफीची वाटही त्यातूनच जात होती. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ती मिळाली, तब्बल साडेचार अब्ज डॉलरची. आणि मतदान झालं १५ मे २०२२ ला, दोनच दिवस आधी. हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

हसन शेख महमूद निवडून आले. मतदान केलं खासदारांनी, विमानतळाच्या बंदोबस्तात. देणगीदारांना सहीला सरकार मिळालं. सामान्य सोमाली माणसाने संसदेसाठी थेट मत दिलं होतं ते १९६९ मध्ये.