ओळीने मांडलेली वजने

आमच्या सास्तूरच्या एका किराणा व्यापाऱ्यांचा चार वर्षांचा नातू दुकानात बसून तराजूची वजने ओळीने मांडीत असतो. हाक मारली तरी मान वर करीत नाही. निदान झाले आहे, स्वमग्नता. मुलगा आणि सून दुकान बंद करून उपचारांसाठी पुण्यास जाण्याच्या विचारात होते. आजोबा तेथील खर्चाचा अंदाज मांडून घेण्यास माझ्याकडे आले. बँक सुटली, आकडेमोड सुटत नाही!

खर्च मांडला. परंतु खरा प्रश्न निराळाच होता. तज्ज्ञाजवळचे दोन-तीन तास सोडले, तर बाकीचा आठवडा मूल कोणाजवळ असते?

गोव्यातील 'संगाथ' संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे या प्रश्नाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. त्यांपैकी निम्म्या कुटुंबांना प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बारा बैठकांत मार्गदर्शन केले. हे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. आई किंवा वडील मुलाशी खेळत असतानाचे चित्रीकरण करून ते त्यांनाच दाखवीत. मूल नेमके केव्हा वळले, कोणत्या क्षणी पालकांनी घाई केली, हे पालक स्वतःच पाहत. या कुटुंबांत पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपण होऊन संवादास अधिक सुरुवात करू लागली. नावेची बाजूही सांगितली पाहिजे : दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला.

म्हणजे वजने हिसकावून 'आजोबा म्हण' असा धोशा लावायचा नाही. शेजारी बसावे, एक वजन आपणही ठेवावे, एखादाच शब्द बोलावा आणि थांबावे. व्यापाऱ्याला हे थांबणे फार जड जाते. मात्र मार्गदर्शक हवाच. त्यासाठी अधूनमधून शहरात जावे. सगळा भार सुनेवर टाकू नये आणि तिच्या संगोपनात उणीव राहिली असे तर मनातही आणू नये. स्वमग्नता त्यामुळे होत नाही.

दुकान तूर्त चालू राहिले आहे. दुपारी तासभर आजोबा गल्ला सोडून खाली सतरंजीवर बसतात.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा, असेही मी सुचविले. जुन्या करपद्धतीत पालकांना ७५ हजार रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. आजोबा घुटमळले. धाकट्या नातीच्या सोयरिकीत अडचण येईल, म्हणाले.

नात अजून दोन वर्षांची आहे.