शहाण्याने पायरी चढावी!

रात्री साडेबाराला मोबाइल वाजला. न्यू जर्सीहून दादा, म्हणजे माझा मावसभाऊ. तिकडे दुपारचे तीन. वर्किंग डेला, भर दुपारी याचा फोन? पोटात गोळाच आला.

''आईला सांगू नकोस,'' दादा म्हणाला. ''मला कोर्टाचं पत्र आलंय.''

स्टोरी सिंपल होती. एच-वन-बीवर गेलेला हा आयटीवाला लेऑफमध्ये सापडला. अशा वेळी नवा जॉब शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. जॉब मिळाला नाही. व्हिजिटर स्टेटससाठी केलेला अर्ज नामंजूर झाला आणि पाठोपाठ दारात पडली 'नोटिस टू अपिअर'. म्हणजे, इमिग्रेशन जजसमोर या आणि तुम्हाला देशाबाहेर का काढू नये ते सांगा.

दादाचा प्लॅन तयार होता. ''जायचंच नाही. सामान विकतो, तिकीट काढतो, गुपचूप येतो.'' भीती खोटी नव्हती. २०२५ च्या मे महिन्यापासून सुनावणी आटोपून बाहेर पडलेल्यांना कॉरिडॉरमध्येच पकडल्याच्या बातम्या येत होत्या. १७ जून २०२५ ला तर न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात एका माणसाच्या सोबतीला गेलेले सिटी कंट्रोलर ब्रॅड लँडर यांनाच अटक झाली. वर आपल्याकडचं बाळकडू: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये!

पण तिथल्या वकीलबाईंनी दादाला झापलं. तू गेला नाहीस म्हणून केस मिटत नाही. तुझ्या गैरहजेरीत हकालपट्टीचा आदेश निघतो. तो डोक्यावर घेऊन देश सोडलास की साधारण १० वर्षं परतीचं दार बंद. फी दादानेच भरली. कारण इथे वकील करायचा हक्क आहे, पण सरकार त्याचा खर्च देत नाही. मुळात ही कोर्टं न्यायपालिकेत येतच नाहीत. ती जस्टिस डिपार्टमेंटच्या हाताखाली चालतात आणि जज नेमतो अ‍ॅटर्नी जनरल. २०२३ संपताना तिथे तुंबलेल्या केसेस ३० लाखांवर होत्या. बोला!

मग आमचा रोजचा रात्रीचा फोन म्हणजे रिहर्सल. पत्ता बदलला तर ५ दिवसांत कोर्टाला फॉर्म भरून कळव. हजेरी कोर्टरूममध्ये आहे की व्हिडिओवर, ते नोटिशीत बघ. आदल्या दिवशी आपल्या ए-नंबरवर तारीख पुन्हा चेक कर. एअरपोर्टसारखं सिक्युरिटी चेकिंग असतं, लवकर पोच. मोबाइल बंद ठेव. फोटो, रेकॉर्डिंग अजिबात नाही. जज आले की उभा राहा. सुनावणी सहसा सगळ्यांना खुली असते, म्हणून मित्राला मागच्या बाकावर बसव. त्याने फक्त गप्प बसायचं. (आश्रय मागणाऱ्याला बंद दाराआड सुनावणी मागता येते. आमच्या दादाला लपवण्यासारखं काही नव्हतं, मावशी सोडून!)

तो दिवस उजाडला. जजनी विचारलं, तुम्हाला कुठली भाषा सगळ्यात चांगली समजते? दुभाषा कोर्ट फुकट देतं. ''यार, तोंडातून 'मराठी' निघणारच होतं,'' दादा नंतर म्हणाला. ''आठ वर्षांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं.'' इंग्लिश म्हणाला आणि गळा दाटला.

वकीलबाईंनी पहिल्याच सुनावणीत 'व्हॉलंटरी डिपार्चर' मागितलं. स्वखर्चाने, ठरलेल्या मुदतीत देश सोडायचा. अशा वेळी जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात आणि हकालपट्टीचा शिक्का बसत नाही. बदल्यात अपिलावर पाणी सोडायचं. दादाला ९० दिवस मिळाले. कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंतची पावलं त्याने मोजली म्हणे. सत्तावीस.

८१ व्या दिवशी तो मुंबईला उतरला. मावशीला सगळं त्याने टॅक्सीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ''मला आधी सांगितलं असतंस, तर देव पाण्यात ठेवले असते.''

तुमच्यापैकी कुणाचा दादा, ताई, बेस्ट फ्रेंड तिकडे असेलच. त्याला सांगा, सरकारी पाकीट आलं की आधी फोड आणि तारीख लिहून ठेव. इथली म्हण इथेच ठेवू. तिथे शहाण्याने पायरी चढावी. आणि हो, आईला सांगावं.