पडद्यावरच्या वर्गात आमची जागा कुठली?



शिक्षणाच्या बाजारात एक माल आलाय. 'कॉईल' म्हणतात त्याला. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठानं २००६ साली त्याचं केंद्र काढलं, आता देशोदेशीची विद्यापीठं त्याच्या मागं आहेत. प्रकार साधा आहे. दोन देशांतले दोन मास्तर मिळून काही आठवड्यांचा पाठ ठरवतात. इकडची चार पोरं, तिकडची चार पोरं एका गटात. इंटरनेटवरून बोलायचं, एक काम मिळून करायचं, मार्क आपापल्या कॉलेजात घ्यायचे. विमान नको, व्हिसा नको.

आपण याला नाक मुरडायचं कारण नाही. परक्या देशातल्या वर्गाची किंमत आमच्याइतकी कुणाला ठाऊक? ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या वर्गात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. लहानपणी शाळेत ज्यांना गोणपाटावर वेगळं बसवलं, त्यांनी त्या समाजाची चिरफाड न्यूयॉर्कात केली. ध्यानात घ्या, ते तिथं नमुना म्हणून उभे नव्हते. सिद्धांत मांडत होते. १९४६ ला त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, युनोकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ ला पँथरनं नावच तिकडून घेतलं. समुद्रापलीकडं बोलणं ही आमची जुनी सवय आहे. त्यासाठी कुणी मार्क दिले नव्हते.

सवाल दुसराच आहे. पडद्यावर 'भारत' म्हणून कोण बसणार? इंग्रजी फाडफाड बोलणारी पांढरपेशी पोरं बसणार, जात आता राहिली नाही म्हणून सांगणार आणि समोरची पोरं ते वहीत उतरवून घेणार. अरे, राहिली नाही तर २०२२ ला कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला भेदभावबंदीच्या नियमात 'जात' हा शब्द का घालावा लागला? २०२३ ला सिएटल शहराला कायदा का करावा लागला? जात विमानानं गेली, आता वायरीतूनही जाईल.

आता धाराशिवला या. इथं बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. त्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं मराठवाड्यात आमची घरं जळली. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये शिष्यवृत्तीवाल्यांची वसतिगृह-खानावळीची माफी काढली, तेव्हा तिथली पोरं मुंबई, हैदराबाद, गुवाहाटीच्या पोरांबरोबर संपावर गेली. चार ठिकाणचे वर्ग एका मागणीनं जोडले. म्हणजे जोडणं आम्हाला येतं.

पण न्यूयॉर्कात सकाळचे दहा वाजतात तेव्हा धाराशिवला उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. परंडा, भूम, कळंबच्या खेड्यातून येणाऱ्या पोरीनं तेव्हा करायचं काय? तिच्या गावची शेवटची एसटी कधीच गेलेली. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत देशातल्या खेड्यांत शंभरातल्या पाच घरांतही कॉम्प्युटर नव्हता, इंटरनेट पंधरा घरांत. पुढं मोबाईल पोचला खरा. पण घरात मोबाईल एक आणि शिकणारी तीन, तिथं गटकाम कसलं?

आणि सरकारची अक्कल पाहा. २०२२ ला केंद्रानं आपल्या परदेशी शिष्यवृत्तीत कलम घातलं, की भारताची संस्कृती, इतिहास, समाज या विषयांवर पैसे नाहीत. म्हणजे त्या नियमात १९१६ चा निबंध बसला नसता. गोऱ्या मास्तरानं आमच्यावर शिकवावं, आम्ही आमच्यावर शिकू नये!

मी गोदीत राबतो, मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. पण एवढं कळतं, की पेटीत काय भरायचं ते ठरवणारा वेगळा, आणि पाठीवर वाहणारा वेगळा. हे वर्ग तसेच भरणार असतील तर त्यात आम्ही फक्त माल असू. दुष्काळ दाखवा, झोपडी दाखवा, आजीचे पाय दाखवा. नाही दाखवणार.

आमच्या अटी सरळ आहेत. विषय दोघांनी ठरवायचा. आम्ही ऊसतोड सांगू, तुम्ही तुमच्याकडचा वर्णद्वेष सांगा, प्रश्न दोन्हीकडून सुटू देत. रात्र पाळीपाळीनं जागायची, एक आठवडा आम्ही, एक आठवडा तुम्ही. पोरगी मराठीत बोलली तर दुभाष्या द्यायचा, मार्क कापायचे नाहीत. लॅब रात्री उघडी, आणि घरी सोडायला गाडी.

मुंबई-पुण्यातल्या दोस्तांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा उपकेंद्रात जा. लॅब किती वाजता बंद होते ते विचारा. उत्तर लेखी मागा, आणि आमच्याकडं धाडा. पुढल्या अंकात छापू.

जय भीम!